पाणी तापलं, आता कोण न्हाणार?

खालापुरातल्या त्या वस्तीत नवी वस्तू आली की आधी जिजाच्या परीक्षेला बसायची. प्रेशर कुकर आला तेव्हा तीन शिट्ट्या होईपर्यंत ती अंगणात उभी राहिली, मग आत येऊन म्हणाली, "वरडतंय, पण शिजवतंय." कुकर पास. प्लॅस्टिकची बादली तिनं टिचकी मारून नापास केली. पुढं सगळ्या वस्तीनं घेतल्यावर तिनंही घेतली, पण लाल. निकालात चूक झाली असं म्हणायची तिची पद्धत नव्हती.

या परीक्षेला एकच वस्तू कधी बसली नाही, ती म्हणजे तिचा तांब्याचा बंब. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घेतलेला. चिंच लावून ती तो असा घासायची की सून विमल त्यात बघून वेणी घालायची.

एकोणऐंशीच्या थंडीत जिजाचा मुलगा कमळाकर टेंपोतून एक पिंप घेऊन आला. तो रसायनीच्या कारखान्यात थंडाव्याच्या यंत्रांवर कामाला होता. पिंपाला फ्रिजचं काळं यंत्र, नळ्यांचं वेटोळं आणि एक पंखा.

"आये, हे हवेतली ऊब ओढून पाण्यात घालतं. जाळ नाय, धूर नाय."

"म्हंजे चोरी. आन हवा गप बसती व्हय रं?"

"सायबांनी सांगितलंय, घरी लाव. आपल्याकडच्या घरांना पटतंय का ते उन्हाळ्यापर्यंत बघ आन कागद भरून दे."

"आन पटलं तर?"

कमळाकरला उगाच धीर आला. "तर बंब मोडीत!"

"नाय पटलं तर तुझं पिंप मोडीत. पुन्यांदा कारखान्याचा खिळा घरात आणायचा नाय. चांगो, तू साक्षीदार."

शेजारचा चांगो टेंपोचा आवाज ऐकूनच आलेला होता. साक्षीदार व्हायला त्याला कधी बोलवावं लागत नसे.

विजेचं बटण स्वयंपाकघरातच होतं, म्हणून यंत्र तिथंच बसलं, न्हाणीच्या भिंतीला लागून. पाणी खरंच तापलं. कमळाकर न्हाऊन वाफाळत बाहेर आला, तर आई चुलीपाशी गोधडी पांघरून बसलेली. हवेतली ऊब न्हाणीत गेली होती आणि थंड वारा भाकरीच्या परातीवर सुटला होता. आंबोळ्यांचं पीठ दोन दिवस फुगलं नाही. मांजर पलीकडच्या घरातल्या मोतीबाईकडं राहायला गेलं.

"एकाला न्हाऊ घालतं आन चौघांना गारठवतं," जिजा म्हणाली. "नापास."

"उन्हाळा ऱ्हायलाय आये. कागद तवा भरायचा."

उन्हाळा आला. वैशाखात पत्रा असा तापला की कावळासुद्धा त्यावर टेकेना. एका दुपारी जिजा पाणी प्यायला उठली आणि यंत्रासमोर तशीच थबकली. इकडंतिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. तिनं पाट ओढला.

चार दिवसांत मोतीबाई चिंचा सोलायला तिथंच येऊ लागली, पाठोपाठ मांजरही परतलं. पण पिंपातलं पाणी तापलं की यंत्र बंद पडायचं आणि वारा थांबायचा. ते पुन्हा सुरू व्हायला कोणीतरी गरम पाणी उपसायला हवं. नुसतं ओतून टाकणं जिजाला पटेना. तापवलेलं पाणी काय गटाराला द्यायचं? मग तिनं पाळ्या लावल्या.

"चांगो, न्हायला जा."

"काकी, सकाळीच न्हालोय! आन ह्या उन्हात कढत पाणी?"

"साक्षीदार हायस ना? जा मंग."

वस्तीजवळच्या पाताळगंगा नदीला पाण्याची ददात नव्हती. भर वैशाखात चांगो इतका स्वच्छ झाला की त्याची बायको संशय घेऊ लागली.

शेवटी कमळाकरनं कागद काढला. "सांग आये, पटलं का?"

जिजानं एकदा बंबाकडं पाहिलं, एकदा यंत्राकडं. हो म्हणावं तर बंब जातो, नाही म्हणावं तर वारा जातो. आयुष्यात पहिल्यांदा तिला निकाल देता येईना.

"तुझ्या सायबालाच आण. त्यो शिकलेला हाय."

रविवारी साहेब आले, घामानं निथळत. जिजानं त्यांना पाटावर, यंत्रापुढं बसवलं. साहेबांनी डोळे मिटले. "वा! पण आजी, हे पाणी तापवायचं यंत्र आहे."

"तापतंय ते तापू दे. आपलं काय जातंय?"

तेवढ्यात यंत्र बंद पडलं. साहेबांचे डोळे उघडले. "काय झालं?"

"पाणी तापलं. आता कोणीतरी न्हायलं की सुरू हुतंय." जिजानं कागद पुढं केला. "पण आधी लिवा सायेब. उन्हाळ्याला यंत्र, थंडीला बंब. दोनी ऱ्हाणार."

साहेबांच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकावर आला. त्यांनी लिहिलं, सही ठोकली.

"चांगो!" जिजानं हाक मारली.

"आज तीनदा आंघूळ झालीया काकी," चांगो दारातूनच हात जोडून म्हणाला. "अंगाची सालं निघत्यात."

जिजानं खुंटीवरचा टॉवेल काढला आणि साहेबांच्या हातात दिला.

न्हाणीतून पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला, पाठोपाठ "अगं आई गं!" असा साहेबांचा. यंत्र घरघरलं. जिजानं पाटावर बूड टेकलं आणि शेजारच्या बंबावर बसलेली माशी पदरानं हाकलली.