सुतळीचं माप

स्वस्तातल्या ग्राफिक्स कार्डाचा भाव उतरतोय का ते बघायला मी तीन महिने दर शनिवारी केडगावच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात जात होतो. भाव चढतच गेला आणि शेवटी एकच नग उरला. त्याच दिवशी खांद्यावर टॉवेल टाकलेले एक काका श्रीगोंद्याहून आले. वरचे पंखे बघून कार्डाला ते चक्क 'पंखा' म्हणत होते! त्यांनी खिशातून गाठ मारलेली सुतळी काढली आणि कार्डाच्या कडेला ताणून धरली.

"गाठीच्या आत हाय. पोरीनं कम्पुटरच्या डब्याचं माप दिलंय," म्हणाले आणि खोकं काखोटीला मारलं.

मला राहवेना. "काका, थोडं थांबला असतात तर भाव उतरला असता."

"उतरंल की. पन तवर पोरीचं ॲनिमेशनचं शिक्षन थांबतंय व्हय?"

मला ते कार्ड गेम खेळायला हवं होतं.

घरी येऊन मीही सुतळी घेतली. कार्डाची लांबी मला तोंडपाठ होती, पण माझ्या कॉम्प्युटरचा डबा मी कधी मोजलाच नव्हता. ते कार्ड दोन बोटं लांब पडलं असतं. खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण आता मला त्यांच्या कार्डाचाच नाही, गाठ मारलेल्या सुतळीचाही हेवा वाटतो.