पायाशी टांगलेल्या विटा

कप्पीवरून सरकणाऱ्या दोरीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आईने श्वास घेतला की दोरी ताणली जाई, सोडला की किंचित सैल पडे, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक बारीक कुरकुर उठे, जणू कोणी दात आवळून बोलत आहे. खोलीत टर्पेन्टाइनचा आणि चिकटपट्टीचा वास भरून राहिलेला असे. पलंगाच्या पायथ्याशी विटांची पिशवी अधांतरी हलत असे.

आईच्या मांडीचे हाड मोडले होते. साखरेच्या दुखण्यामुळे ऑपरेशन नको असे डॉक्टर म्हणाले. म्हणून तिच्या पायाला पट्ट्या चिकटवल्या, पट्ट्यांना दोरी बांधली आणि दोरीच्या टोकाला वजन लावले. ते सतत खेचत राहिले की हाडाची तुटलेली टोके एकमेकांवर चढत नाहीत. इस्पितळातून आलेल्या कंपाउंडरने आमच्याच अंगणातल्या विटा पिशवीत घातल्या, आईचे शरीर पायथ्याकडे घसरू नये म्हणून पलंगाची ती बाजू उंच केली, आणि जाताना बजावले, "अम्मा, हिलना नक्को. थैली उतारना तो बिलकुल नक्को."

त्या वर्षांत हिमायतनगरच्या आमच्या गल्लीतली मुले कॉम्प्युटर शिकत आणि एकेक करून अमेरिकेला निघून जात. माझ्या भावाचाही व्हिसा आला होता. त्याच्यासाठी माळ्यावरची मोठी सुटकेस काढायला आई स्टुलावर चढली आणि सुटकेससकट खाली आली. माझे वडील पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. भेटायला येणाऱ्यांना ते सांगत, "सुटकेस जड, ही हलकी. पण दोघी जमिनीवर एकदमच पोहोचल्या असणार." पाहुणे चहाच्या कपात बघत राहत.

आईला एकच गोष्ट हवी होती. भाऊ जाईल त्या दुपारी बेगमपेठच्या विमानतळावर जाळीमागे उभे राहून त्याचे विमान वर चढताना बघायचे. त्यासाठी तिने मोरपंखी साडी इस्त्री करून घेतली होती. ती खुंटीवर टांगलेली होती, पलंगावरून दिसेल अशी.

"एका दुपारपुरती पिशवी काढा," ती वडिलांना म्हणाली. "चाकाच्या खुर्चीत बसवा आणि न्या."

"हाड सरकेल. जन्मभर आखूड पायाने फिरशील."

"फिरेन. पाय माझा आहे."

"पाय तुझा आहे, नियम तुझा नाही."

मग ते खुर्ची ओढून बसले आणि शिकवू लागले. चाळीस मुलांच्या वर्गात बोलावे तसे, सावकाश, थांबत थांबत. ही गुरुत्वाकर्षणाची ओढ आहे म्हणून पृथ्वी गोल आहे, सगळ्या बाजूंनी स्वतःला आत घेऊन बसलेली. ही ओढ आहे म्हणून हवा तिला धरून आहे, समुद्र आपल्या जागी आहेत, देवापुढच्या निरांजनाची ज्योत उभी राहते. थंड हवा खाली येते, तापलेली वर जाते, म्हणून ती ज्योत. नाहीतर नुसता एक निळसर गोळा. "ही नसती तर चंद्र केव्हाच सरळ निघून गेला असता."

"मग जाऊ द्या की त्याला," आई म्हणाली. "या घरातून कोणी तरी सुटेल."

तिच्या डोळ्यांत पाणी आले. डोके खाली आणि पाय वर असल्यामुळे ते गालावर आलेच नाही, कानशिलावरून केसांत शिरले. वडिलांनी ते नीट पाहिले. "बघ," ते मला म्हणाले, "ओढ नसती तर हे वाहिलेच नसते. डोळ्यावरच थेंबासारखे साचून राहिले असते."

दुपारी ते पेपर वाचत आणि आई डोळे मिटून मला हळूच म्हणे, "उचल गं जरा." पिशवी काढ असे नाही, नुसती तळव्यांवर पेलून धर, पायाला क्षणभर सैल वाटेल. मी वडिलांकडे बघे. पेपरामागून आवाज येई, "हात लावायचा नाही." आणि माझे हात ओढणीत गुंडाळले जात.

निघण्याच्या दिवशी भाऊ नव्या बुटांत आला. बूट बाहेर काढून, चामड्याचा वास घेऊनच आत आला.

"आई, कुठला पाय दुखतो? कुठल्याला हात लावू?"

"लाव रे कुठल्याही," ती हसून म्हणाली. आशीर्वादासाठी तिने हात उचलला. तो वाकला आणि त्याच्या खांद्याचा धक्का दोरीला लागला. पिशवी झुलली. आईच्या तोंडून आशीर्वादाऐवजी किंकाळी निघाली, गुरासारखी. तो मागे सरला, पांढराफटक. दारात ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. "उशीर होतोय," भाऊ कोणालाच उद्देशून नव्हे असे म्हणाला आणि गेला. वडील त्याच्यासोबत गेले नाहीत. त्यांच्या मते कोणीतरी पिशवीवर लक्ष ठेवायला हवे होते.

दुपार कलली तेव्हा आधी खिडकीची तावदाने थरथरली, मग तो आवाज आला. बेगमपेठवरून उठलेले विमान आमच्या छतावरून जात होते. आई छताकडे बघत होती. तिथे एक पंखा होता आणि चुन्याचा पोपडा.

"विमान काही ओढ संपवत नाही," वडील म्हणाले. त्यांचा आवाज खरखरीत झाला होता. "हवेवर तोलून राहते फक्त. आणि ती हवासुद्धा इथे थांबली आहे ती या ओढीमुळेच."

विमानाचा आवाज बारीक होत गेला आणि तावदाने शांत झाली.

मी उठले. पायथ्याशी गुडघे टेकले आणि दोन्ही तळवे पिशवीखाली घालून विटा उचलल्या. वाटले होते त्याहून त्या हलक्या होत्या. दोरी सैल पडली. कुरकुर थांबली. वडिलांनी पाहिले, ओठ हलवले, आणि पहिल्यांदाच गप्प राहिले.

आईने छतावरची नजर काढली, साडीवरून फिरवत माझ्यापर्यंत आणली. तिचे डोळे कोरडे होते.

"ठेव खाली आता."