इकाम्यावर आहे तेच

मी एका माणसाच्या मतदार नोंदणीच्या फॉर्मवर त्याचं राष्ट्रीयत्व चुकीचं लिहिलं आणि त्याचं मत घालवलं. घाईत नव्हे, झोपेत नव्हे. नीट चष्मा लावून, चहा पिऊन, मोठ्या अक्षरांत लिहिलं.

माणूस म्हणजे आमच्या कंपनीचा ड्रायव्हर. मी नाशिकचा, जेद्दात अठरा वर्षं पंप विकतोय, आणि त्यातली अकरा वर्षं तो मला साइटवर नेतोय. त्याचा मुलूख म्हणजे वाळवंटाचा एक तुकडा. शेजारचा देश म्हणतो तो आमचा, तिथले लोक म्हणतात आमचा आम्हाला द्या. मग जगातले शहाणे मध्ये पडले. म्हणाले, भांडू नका, सार्वमत घेऊ, लोक सांगतील तसं करू. तोवर शांतता राखायला फौज पाठवली. हा ड्रायव्हर तेव्हा शाळेत होता. आता त्याला नातू आहे.

"ती फौज करते काय रे?" मी एकदा विचारलं होतं.

"पांढऱ्या गाड्यांतून फिरते. कोणी गोळी झाडली की वहीत लिहिते."

"आणि नाही झाडली तर?"

"तेही लिहिते."

अशा नोकरीला आमच्याकडे वॉचमन म्हणतात, पण वॉचमन निदान चोर आला तर ओरडतो.

तर सार्वमत इतकी वर्षं अडलं ते एकाच प्रश्नावर: मत द्यायचं कोणी? शेवटी यंदा परदेशी राहणाऱ्यांचीही नोंदणी करायची ठरली आणि जेद्दाच्या समुद्रकाठच्या एका हॉटेलात आठवडाभर टेबलं लागली. ड्रायव्हर फॉर्म घेऊन माझ्या घरी आला, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये फॉर्म भरावा तर मीच, अशी माझी ख्याती आहे. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, त्याचं नूतनीकरण असो, शाळेचा प्रवेश असो, सगळे माझ्याकडे येतात. ही ख्याती मीच पसरवली आहे.

"अरबीतलाही फॉर्म आहे, मुहंदिस," तो म्हणाला. इंजिनियरला इथे मुहंदिस म्हणतात, मग तो पंप का विकत असेना. "हळूहळू वाचेन मी. इंग्रजी मला येत नाही."

"छे! इंग्रजीतच भरू. साहेब लोकांवर छाप पडते."

आतून बायको म्हणाली, "फॉर्मबरोबर ते सूचनांचं पत्रक आहे, ते वाचा आधी."

"अठरा वर्षं फॉर्म भरतोय मी."

"म्हणूनच म्हणतेय."

मी पत्रक चहाच्या कपाखाली ठेवलं. आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात त्याच्या इकाम्यावर होतं ते उतरवून काढलं: शेजारच्या देशाचं नाव. त्याच देशाचा पासपोर्ट त्याच्याकडे होता, कारण दुसरा कोणताही पासपोर्ट त्याला मिळत नव्हता आणि पासपोर्टशिवाय नोकरी नव्हती. इथे आयुष्य काढलेल्या माणसाच्या हाडात एकच नियम मुरतो: कागदावर इकाम्याहून एक अक्षर वेगळं लिहायचं नाही. इकाम्यावर नाव चुकलं असेल तर आपण आपलं नाव बदलावं, इकामा नव्हे.

"तिथे काय लिहिलंस?" त्याने बोट ठेवून विचारलं.

"इकाम्यावर आहे तेच. काळजी करू नकोस. खलास!"

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि अंगठा उमटवून शेजारी सही केली.

नोंदणीला जमातीतला एक वडीलधारा साक्षीदार लागत होता. ड्रायव्हरचा चुलता बुरैदा शहराच्या खजूरबाजारात चाळीस वर्षं काढलेला. ऐंशीच्या घरातला तो म्हातारा नऊ तास बसमध्ये बसून आला, येताना माझ्यासाठी खजुराची पेटी घेऊन. सात पिढ्यांची नावं त्याला तोंडपाठ होती. मीही गेलो बरोबर. मला श्रेय घ्यायचं होतं.

हॉटेलात गारठा होता. निळी जाकिटं घातलेली माणसं एकमेकांना पाण्याच्या बाटल्या देत होती. चेहऱ्यावर असा थकवा, जणू तो मुलूख त्यांनीच पाठीवर वाहून आणलाय. म्हाताऱ्याने साक्ष दिली, सातही पिढ्या, मध्ये कुठेही न अडखळता. मग टेबलामागच्या बाईने फॉर्म पाहिला आणि अरबीत, फार गोड आवाजात म्हणाली, "हे त्या देशाचे नागरिक आहेत. त्यांना मत देता येणार नाही."

"अहो, ते इकाम्यावरचं आहे!" मी म्हणालो.

"आम्ही इकामा विचारला नव्हता. अर्जदार स्वतःला कोण मानतो, ते विचारलं होतं. पत्रकात स्पष्ट आहे."

"मग खोडून दुरुस्त करतो ना!"

"सही झाली आहे. अपील करावं लागेल."

"कुठे?"

"अपील समिती यादी अंतिम झाल्यावर बसेल."

"आणि यादी अंतिम कधी होणार?"

"अपिलं निकालात निघाली की."

हे बोलताना तिला हसू आलं नाही. या लोकांना पगार बहुधा त्याचाच मिळतो. बाटलीतलं पाणी संपलं तशी तिने दुसरी उघडली आणि म्हणाली, "तुमच्या भावना आम्ही नोंदवून घेतल्या आहेत." म्हणजे वहीत लिहिल्या. मला तिची बाटली ओतून द्यावीशी वाटली. पण खरं सांगायचं तर त्या हॉलमध्ये सगळ्यात टाकाऊ माणूस निळ्या जाकिटात नव्हता, तो इस्त्रीच्या शर्टात बसला होता आणि त्याच्या खिशाला चांगलं पेन होतं.

ड्रायव्हर फॉर्मवरच्या त्या एका शब्दाकडे बघत राहिला. परक्या लिपीतला, त्याला न वाचता येणारा, पण आता काय आहे ते कळलेला. म्हाताऱ्याला ऐकू कमी येई. त्याने पुतण्याचा हात हलवून विचारलं, काय झालं? पुतण्याने त्याच्या कानाशी वाकून सगळं सांगितलं, माझ्याकडे न बघता.

म्हाताऱ्याने मात्र बघितलं. चांगलं निरखून, बाजारात माल बघावा तसं.

"त्या शेजारच्या देशाच्या फौजेला बंदुका घेऊन इतक्या वर्षांत आमचा एक माणूस त्यांचा करता आला नाही," तो म्हणाला. "या गाढवाने चहा पिता पिता केला."