मिरचीच्या पथारीवरून गेलेले कुंज

पथारीवर वाळणाऱ्या मिरचीचा वास आला की मला अजूनही बसल्या जागी चैन पडत नाही. त्या हिवाळ्यात वडिलांची नजर झपाट्याने अधू होत चालली होती आणि ती पुरती जाण्याआधी त्यांना एकदा कुंज, म्हणजे थंडीत दूरदेशाहून येणारे करकोचे, बघायचे होते. त्यांच्या लहानपणी ते आमच्या हरभऱ्यात उतरायचे. त्यांना शेजारी बसवून मी सकाळपासून गाडी पळवत होतो. रनाळ्याच्या तलावावर नुसती बदकं, तापीकाठी बगळे, आणि जो भेटेल तो म्हणे, "कालच व्हतात ना." ऊन चढत होतं, मी स्टिअरिंगवर बोटं आपटत होतो. नंदुरबारजवळ मिरचीच्या पथाऱ्या लागल्या तशा सवयीने मी काचा वर केल्या. इथे सगळेच करतात, नाहीतर ठसक्याने जीव जातो. वडिलांनी मात्र आपली काच खाली केली. "गाडी थांबाड! कुंज बोली ऱ्हायनात." मी दुर्बीण घेऊन धडपडत उतरलो, पण मिरचीची धूळ डोळ्यांत गेली, पाणी थांबेना, आणि मी खोकत असताना ती घोगरी हाक डोक्यावरून हळूहळू पुढे सरकत गेली. "दिखनात का?" वडिलांनी विचारलं. "नही," मी डोळे चोळत म्हणालो. "मालेबी नही," म्हणून ते ठसका लागेपर्यंत हसले. आता शेजारची सीट रिकामी असते. तरी पथाऱ्या आल्या की मी आधी तिकडची काच खाली करतो.