कार्ल्याची पहिली पायरी

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आमच्या चाळीत कुणाला सांगावं लागत नसे. तरीही कार्ल्याच्या लेण्यांची सहल न्यायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. खरं तर एक भन्तेजी, म्हणजे बौद्ध भिक्खू, आमच्याबरोबर येणार होते. निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांचं पत्र आलं की ताप भरलाय, तुम्ही जाऊन या. मग चाळीतल्या मंडळानं माझ्याकडे बघितलं, कारण परळच्या त्या चाळीत आमच्या माणसांपैकी रात्रशाळेतून मॅट्रिक झालेला मी एकटाच होतो. मीही आढेवेढे न घेता हो म्हणालो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

कार्ल्याला मी स्वतः कधी गेलोच नव्हतो. गिरगावातल्या एका वाचनालयात दोन रविवार बसलो आणि लेण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक वहीत उतरवून काढलं. चैत्य म्हणजे काय, विहार म्हणजे काय, भिक्खू कुठे झोपत, पाणी कुठून आणत, सगळं पाठ केलं. मी तेव्हा गिरणीत बदली कामगार होतो. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी खाडा केला असेल तर आत जायचं, नाहीतर घरी परतायचं. काम नाही मिळालं की वही घेऊन जिन्यावर बसायचो आणि पाच मिनिटांत उठायचो. त्या दिवसांत मला एका जागी बसवतच नसे. आज सभा, उद्या मोर्चा, परवा लालबागला पत्रकं वाटायची. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे म्हणून ओरडून ओरडून घसा कायम बसलेला असायचा.

घरात आई आणि मी दोघंच. वडील मी लहान असतानाच वारले. मी जिना उतरायला लागलो की आई गॅलरीत येऊन उभी राहायची. कुठे चाललास, कधी येशील, काही विचारायची नाही. नुसती कठड्याला धरून उभी. कोपऱ्यावरून वळताना मागे बघितलं तरी तिथंच. मला त्याचाही राग यायचा. मी काय लहान मूल आहे?

आदल्या वर्षीच्या डिसेंबरात दादर चौपाटीवर, त्या चितेपुढे, हजारो माणसांबरोबर आम्ही दीक्षा घेतली. घरी आल्यावर ठरलं की आता खोल्यांतले देव काढायचे. गोणपाट घेऊन दारोदार मीच फिरलो. काही बायकांनी देव देताना पदर डोळ्याला लावला, त्यांना मी चार शब्द ऐकवले. माझ्या आईनं मात्र देव्हाऱ्यातले सगळे टाक फडक्यात बांधले आणि स्वतःच्या हातानं गोणीत सोडले. "घे, समदे हायत," एवढंच म्हणाली. ती गोणी आम्ही शिवडीच्या खाडीत सोडून आलो. आईचा मला इतका अभिमान वाटला की पुढचे चार दिवस मी तिच्याशी नीट बोललोसुद्धा.

त्याला वर्ष झालं, म्हणून ही सहल. निघायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना गॅलरीत बसवून नियम सांगितले. कपडे पांढरे. पंचशील तोंडपाठ. लेण्यात गलका नको. आणि शेवटचा नियम सगळ्यात महत्त्वाचा: लेण्याच्या तोंडाशीच देवीचं देऊळ आहे, तिकडे कुणी वळायचं नाही, हात जोडायचे नाहीत, नारळ, फूल, काहीही बरोबर घ्यायचं नाही. "तेच करायचं असेल तर दीक्षा घेतली कशाला?" मी विचारलं. पलीकडच्या खोलीतली आत्या, म्हणजे माझ्या आईची जिवाभावाची मैत्रीण, पदराआडून म्हणाली, "मास्तर, शिंक आली तर शिंकायची का तीबी इचारून?" सगळे हसले. आई हसली नाही, हे मला फार उशिरा आठवलं.

रविवारी पहाटेच्या पॅसेंजरनं आम्ही एकोणीस माणसं निघालो. घाट चढताना बायका खिडक्यांना चिकटल्या, मी मात्र प्रत्येक स्टेशनावर माणसं मोजत होतो. मळवलीला उतरलो तेव्हा शेतांवर अजून धुकं होतं. अशी मोकळी हवा आमच्यापैकी कित्येकांनी वर्षानुवर्षं घेतली नव्हती. कुणी वाटाण्याच्या शेंगा बघायला थांबे, कुणी विहिरीत डोकावे. माझा जीव नुसता वरखाली होत होता. "भराभर चला, ऊन चढेल," असं मी दर दहा पावलांवर ओरडत होतो. शेवटी आमच्या चाळीतले एक म्हातारे, जे जन्मभर मागावर उभे राहिले होते आणि ज्यांना सगळे मामा म्हणत, ते मध्येच थांबून म्हणाले, "आरं, बुद्ध अडीच हजार वरसं बसून हाय. आपल्यासाठी आजून अर्धा तास नाय बसनार?"

डोंगराच्या पायथ्याशी दुकानं होती. नारळ, बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या, दोरीला बांधलेल्या कोंबड्या. मी आमच्या माणसांना त्यांच्यापासून जरा लांब नेलं आणि सांगितलं, इथंच चार घास खाऊन घ्या, मग चढू. आईच्या गाठोड्यातून भाकरी काढायला मी हात घातला, तर हाताला नारळ लागला. त्याच्याखाली हिरवा खण होता.

आग मस्तकात गेली.

"हे काय आहे?"

आई इकडेतिकडे बघून म्हणाली, "हळू बोल. एकदा वर जाऊ दे मला. मग सांगते."

"अख्ख्या चाळीचे देव मी खाडीत सोडले, लोकांच्या बायकांना बोललो, आणि माझ्याच घरात हे?"

"देव मीबी सोडलेत. पन त्या आधीच मी तिला एक बोलले व्हते. खोटं बोलू नये, आसं तूच शिकवलंस ना? मग बोललेलं खोटं कसं पाडू?"

याचं उत्तर वहीत नव्हतं. आणि उत्तर नसलं की माझा आवाज चढतो, ही माझी जुनी खोड. सगळे खायचे थांबून आमच्याकडे बघत होते. मी नारळ उचलला आणि रस्त्याकडेच्या घळीत भिरकावून दिला. दगडावर आपटून तो फुटल्याचा आवाज आला. एक दुकानदार उभा राहून बघायला लागला.

आईनं खण उचलला, त्याची घडी नीट केली आणि कमरेला खोचला. मग चढणीच्या पहिल्या पायरीवर जाऊन एका कडेला बसली. "तुमी जावा," ती म्हणाली. "माझे पाय दुखतात."

"बस मग," मी म्हणालो आणि चढायला लागलो.

वाटेत मी एकसारखा बोलत होतो. सातवाहनांचा काळ, व्यापाऱ्यांची दानं, खांबांवरचे लेख. कोण ऐकतंय हे मागे वळून बघायची मला भीती वाटत होती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. वर देवळापाशी गर्दी होती. आमची माणसं मान खाली घालून, माझ्याकडे चोरून बघत तिथून गेली. शाळेतली पोरं हेडमास्तरांच्या खोलीवरून जातात तशी.

चैत्याच्या दारातून आत शिरल्यावर मात्र सगळे आपोआप गप्प झाले. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर लाकडाच्या कमानी, आणि समोर थंडगार अंधारात मोठा स्तूप. मामांचा हात सवयीनं वर गेला. घंटा शोधत होता. घंटा नाही म्हटल्यावर त्यांनी तो हळूच टोपीवर ठेवला. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मास्तर, बुद्ध कुठाय?" मी वही उघडली. स्तूपाची उंची होती, घेर होता, पण गाभ्यात मूर्ती का नाही हे लिहून घ्यायचं राहिलं होतं. "हाच बुद्ध समजा," मी तोडून टाकलं. "रांगेनं उभे राहा."

आम्ही पंचशील म्हटलं. तो आवाज त्या कमानींमध्ये असा घुमला की आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या बापजाद्यांना कुठल्या देवळात असं उभं राहायला मिळालं होतं? मलाही भरून यायला हवं होतं. पण चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझी जीभ अडखळली. बाकीचे पुढे गेले, मी मागे राहिलो.

सगळे प्रदक्षिणा घालत असताना आत्या माझ्यापाशी खांबाला टेकून उभी राहिली. "तिनं सांगू नको म्हटलंय," ती म्हणाली, "पन आता सांगते. गोळीबार चालला व्हता तवा तीन दिस तू कुठं व्हतास?"

"शिवडीला. गोदामात अडकलो होतो."

"हे तू आल्यावर कळलं. तवर तुजी आई उंबऱ्यात बसून व्हती. पोटात अन्न न्हाय, डोळ्याला डोळा न्हाय. खाली कुनाची तरी मढी नेत व्हते. तिसऱ्या दिशी बोलली, पोर जितं घरी येऊ दे, मी माझ्या पायानं डोंगर चढून येते आन तुजी वटी भरते. त्याच सांजेला तू आलास. आलास नि च्या मागितलास."

चहा मागितल्याचं मला आठवत होतं. तिनं दिलेला चहा गोडमिट्ट झाला होता, म्हणून मी कुरकुरलोही होतो.

मी पायऱ्या कशा उतरलो मला माहीत नाही. दोनदा पाय घसरला. आई होती तिथंच बसली होती, गुडघ्यांभोवती हात बांधून, चढणाऱ्या माणसांकडे बघत. मी धापा टाकत म्हणालो, "आये, चल. मी दुसरा नारळ घेतो. मी नेतो तुला वर." सकाळपर्यंत नियम सांगणारा मी, खरोखरच दुकानाकडे वळलो होतो.

"नको," ती म्हणाली. "बस हितं जरा."

मी बसलो.

"ल्हान व्हते तवा गावची मानसं जत्रंला यायची. त्यांची वझी आमी आनायचो, पार गावापास्नं. पन वर जायाचं न्हाय आमाला. माझी आये नारळ दुसऱ्या कुनाच्या तरी हातात द्यायची, आन आमी त्यांची वाट बघत हितं बसायचो." तिनं शेजारच्या दगडावर हात ठेवला. "ह्याच पायरीवर."

मी त्या दगडाकडे बघितलं.

"दीक्षा घेतली तवा वाटलं, आता कुनी अडवनार न्हाय. एक डाव आपल्या पायानं जावं, तिच्यासमोर उभं ऱ्हावं, वटी भरावी आन सांगावं, बाई, बोलले ते केलं. आता माझी वाट बघू नको. मी दुसऱ्या घरची झाले. खोली सोडताना आपुन मालकाला सांगतो का न्हाय? तसं."

"मग चल ना आता. मी नेतो म्हणतोय ना."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. "तू नेतोस म्हनून जायाचं नव्हतं रे," ती म्हणाली. "माझं मला जायाचं व्हतं."

तेवढ्यात आमची माणसं उतरून आली. मी कुणाकडे बघितलं नाही. आई उठली, साडीवरची धूळ झटकली आणि सगळ्यांच्या पुढे स्टेशनाच्या वाटेला लागली. पाय दुखत असल्याचं कुठंच दिसत नव्हतं. वाटेत तिनं मामांना विचारलं, आत कसं हाय? मामांनी सगळं सांगितलं, कमानी, खांब, अंधार, घुमणारा आवाज. मूर्ती नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "आसं? मग कुनाच्या पाया पडायचं न्हाय. लय बरं." ती हे मनापासून म्हणाली. लेणं बघायचंही तिला होतं, हे मला तेव्हा समजलं. मी दोन्ही तिच्यापासून हिरावलं होतं.

त्यानंतरही मोर्चे होत राहिले. मी जिना उतरलो की ती गॅलरीत यायची, कठडा धरायची. आता मला माहीत होतं की ती कशाला घाबरते आहे. माझा जीव मागून घेतला आणि बोललेलं तसंच राहिलं, ही धास्ती तिच्या मनातून गेली नाही. देवीवर विश्वास उरला होता म्हणून नाही. तिनं शब्द दिला होता म्हणून. महाराष्ट्र झाला त्या दिवशी परळमध्ये दिव्यांची रोषणाई झाली, लेझीम वाजली, सगळी चाळ रस्त्यावर उतरली. ती वरच उभी होती, मी घरी येईपर्यंत. मी दरवर्षी म्हणायचो, आये, कार्ल्याला जाऊ. ती म्हणायची, "तू जा. मानसांना नीट ने." मग एका वर्षी विचारायला ती राहिली नाही.

पुढं त्या डोंगरावर मी खूप लोकांना नेलं. स्तूपाच्या मागची सगळी माहिती आता मला येते, वही लागत नाही. कुणाच्या गाठोड्यात मी हात घालत नाही. पायथ्याशी आलो की सगळ्यांना पुढे जायला सांगतो आणि त्या पायरीपाशी थोडा थांबतो. गावानं माझ्या आईला जिथं बसवलं होतं तिथंच मी तिला बसवलं, आणि बसवताना वर म्हणालो, बस मग.