चौथ्या स्पॉटवरचं आतडं

आधी माझा पराक्रम सांगतो. इतकी वर्षं मी पोरांना बजावत आलोय — सूक्ष्मदर्शकाच्या हाय पॉवरवर मोठा स्क्रू फिरवू नका, लेन्स स्लाइडवर बसते. आणि यंदा प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी, बाहेरून आलेले परीक्षक, म्हणजे एक्स्टर्नल सर, चहा पीत असताना, मीच तो फिरवला. कट्... ड्युओडेनमची, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीची, आमच्या कॉलेजातली एकुलती एक स्लाइड. दोन तुकडे.

भानामती, अंगात येणं, या सगळ्यावर हसणारा मी माणूस. वाशीम जिल्ह्यातल्या छोट्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवतो. भिंगाखाली दिसत नाही ते नाही, एवढंच माझं तत्त्वज्ञान.

तुकडे रुमालात गुंडाळून खिशात घातले आणि त्या जागी, चौथ्या स्पॉटवर, जठराची स्लाइड लावली. फोकस करून पाहिलं — जठरच. कुणाला बोललो नाही. लाज, दुसरं काय.

स्पॉटिंगला ओळीने सूक्ष्मदर्शक मांडलेले असतात. घंटी वाजली की पुढे सरकायचं, दिसेल ते ओळखून लिहायचं. चौथ्यापाशी सगळ्यात आधी आली अनसिंग गावची प्रणाली. मी मागून तिच्या पेपरात डोकावलो. लिहिलं होतं — ड्युओडेनम.

अंगावर काटा वगैरे आला नाही, राग आला. आदल्या संध्याकाळी मी स्पॉट मांडले तेव्हा तिथे ड्युओडेनमच होतं. म्हणजे कुणीतरी पाहून हिला सांगितलं! स्पॉट फोडायची रीत काही नवी नाही. सगळ्यांसमोर विचारलं, "काहून लिहिलं हे? कोनं सांगितलं तुले?"

"कोनंच नाई सर. दिसून राह्यलं ना."

मी कॉपी केसची धमकी दिली. तिचे डोळे भरले. "केस झाली त घरचे कॉलेजच बंद करतीन सर. एक डाव तुमीच पाहा."

मी पाहिलं नाही. स्लाइड मीच लावलेली, पाहायचं काय? पाहिलं एक्स्टर्नल सरांनी. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "सर, मुलगी बरोबर आहे."

मी डोळा लावला. आतड्याच्या अस्तरावरचे बोटांसारखे उंचवटे, व्हिलाय, खाली ग्रंथींचे पुंजके... जठरात व्हिलाय नसतातच. स्लाइड काढून लेबल वाचलं — जठर. "लिही पुढचं," एवढंच मी प्रणालीला म्हणालो. तिचे मार्क वाचले. माझं तोंड मी पेपरच्या गठ्ठ्यात घातलं.

तुम्ही म्हणाल, लेबल चुकलं असेल, गडबडीत सकाळी मला नीट दिसलं नसेल. मीही तेच म्हणत घरी आलो. बायकोने धुण्याआधी खिसा रिकामा केला, रुमाल उलगडला. फुटलेल्या तुकड्यावर ड्युओडेनमचं लेबल जागच्या जागी. पण काच कोरी! वर्षानुवर्षं पोरांना दाखवलेला आतड्याचा तो गुलाबी पट्टा कुठेच नाही. नंतर तुकडे भिंगाखालीही धरले... काही नाही. मला आजही याचं उत्तर सापडलेलं नाही.

त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, घाबरेल. तिने काचा कागदात बांधल्या आणि विचारलं, "त्या पोरीले 'माहं चुकलं' म्हनले का तुमी?"

मी म्हटलं, परीक्षा संपली, आता ती कॉलेजात कुठली यायला.

"मंग? अनसिंग काय लंकेत आहे? पॅन्ट चढवा न गाडी काढा."