बंदर नको!

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात पाट्या रंगवणाऱ्याच्या दुकानापुढून जाताना ऑइलपेंटचा वास आला आणि नव्वदच्या दशकातली ती दुपार पुन्हा छातीवर बसली.

कारवारकडे मावशीच्या गावच्या किनाऱ्यावर मोठं बंदर होणार होतं. व्यापार वाढणार म्हणून सगळे खूश होते. इंधनाच्या टाक्या मात्र मावशीच्या घराच्या जागी येणार होत्या, म्हणून ती बेंगळुरूला माझ्याकडे धावत आली. मी कापडावर लाल रंगात लिहिलं, ‘बंदर नको!’ आणि आम्ही दोघी बंदराच्या कचेरीच्या फाटकाशी उभ्या राहिलो.

उत्तरेकडचे बडे साहेब गाडीत बसून बाहेर आले, काच खाली करून फलक वाचून हसले. “बंदर नको? तो जंगलवालों के पास जाओ, अम्मा!”

मावशीला हिंदी येत नव्हती. तीही हात जोडून हसली. “देवमाणूस गो! घर राहील म्हणाले ना?”

“साहब, वो बंदर नहीं! बंदरगाह! इनका घर जा रहा है!” मी किंचाळले. गाडीची काच वर गेली.

चळवळीची पत्रकं वाचत, शब्दांवर विश्वास ठेवत वाढलेली मी. तेव्हा वाटलं, एका शब्दानं घात केला. आज वाटतं, ज्याच्या कचेरीत त्या बंदराचे नकाशे भिंतभर लावले होते, त्याला आम्ही माकडाबद्दल बोलत नाही हे कळलं नसेल?